बापाची संमती

"मी सही देणार नाही म्हणजे नाही," झोल्दोश म्हणाला आणि तळलेल्या पिठाच्या बोरसोकाचा तुकडा त्याने जर्दाळूच्या मुरंब्यात बुडवला. "बुरुलने दुसरा नवरा केला, करू दे. पण त्याचं नाव माझ्या पोरीला चिकटवायचं? कुठला न्याय?"

त्याचे वडील, म्हातारे सुयुनबाय, चहा ओतत होते. पाहुण्याने आता निघावं म्हणून भरतात तसा त्यांनी पेला काठोकाठ भरला आणि मुलापुढे सरकवला.

आयझिरेक दारातून डोकावली. "बाबा, नूरदीनकाका आणि वहिनी कोर्टाकडे निघाले. दादा, तुमची गाडी आज चालू होणार की ढकलायची?"

बाबा म्हणजे तिचे आजोबा. पहिलं नातवंड आजी-आजोबांच्या पदरात टाकायची रीत आमच्याकडे अजून आहे. मूल त्यांनाच आईबाप म्हणतं; जन्मदाता होतो दादा आणि जन्मदाती वहिनी.

"दादा काय, दादा? बाप आहे मी तुझा!"

"हो का?" पोरगी म्हणाली आणि बूट घालायला गेली.

"हे लाड घरात ठीक आहेत," झोल्दोश वडिलांना म्हणाला. "कोर्टाला रक्त कळतं."

"काय कळतं ते बघू," म्हातारे म्हणाले.

पोरगी जन्मायच्या आधीच हा गडी कामासाठी रशियात गेला होता. पोरीच्या जन्माच्या नोंदणीला ये, म्हणून घरून फोनवर फोन गेले. आधी त्याला रजा नव्हती, मग मन नव्हतं, मग तिकडे दुसरं घर झालं. लग्न मुल्लानेच लावलेलं, सरकारी कचेरीत कोणी गेलंच नव्हतं. घटस्फोटाची कटकट वाचली, असं तो मित्रांना हसत सांगायचा.

बुरुल सासरीच राहिली. तिने गाईंच्या धारा काढल्या, सासूचं शेवटपर्यंत केलं. सासू गेल्यावर सुयुनबायनीच तिला लेकीसारखं नूरदीनच्या घरी पाठवलं. नूरदीन वेल्डर. आता त्याला सीमेपलीकडे अल्माटीत काम मिळालं होतं आणि आयझिरेकला न्यायचं होतं. पण कोर्टाने तिला त्या दोघांची लेक केल्याशिवाय सीमेवरून कोण सोडणार? हे कानावर येताच झोल्दोश गावात हजर झाला. इतक्या वर्षांत पोरीला साधी बाहुली पाठवली नव्हती. पण हक्काचं नाव निघालं आणि त्याच्यातला बाप खडबडून जागा झाला.

"तुम्ही चला बाबा, माझ्या बाजूने उभे राहा," तो म्हणाला. "आपल्या सात पिढ्यांची नावं तिला पाठ आहेत. ती त्या वेल्डरच्या घरात जाणार?"

"येतो. मला यायलाच हवं." सुयुनबायनी लग्नकार्याला घालायची पांढरी टोपी पेटीतून बाहेर काढली आणि जरा वेळ ती नुसती हातात धरली. पोरीवाचून हे घर त्यांना खायला उठणार होतं.

नारीन शहरातल्या कोर्टात बुरुल आणि नूरदीन पुढच्या बाकावर बसले होते. आयझिरेक धावत जाऊन त्यांच्या मधे बसली.

झोल्दोश वाकून म्हणाला, "पाया पडलीस तरी सही मिळणार नाही, बुरुल."

"पाया कोण पडतंय?" बुरुल म्हणाली. "तुझ्या घरचा गोठा इतकी वर्षं उपसला मी. घाण कशी काढायची ते मला शिकवू नकोस."

न्यायाधीश बाईंनी आधी पोरीला विचारलं, तुला यांच्याबरोबर जायचंय का. "हो," ती ठासून म्हणाली, "आणि बाबा उन्हाळाभर तिकडे राहायला येणार आहेत. मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय."

"ठीक. आता वडिलांची संमती."

झोल्दोश ताडकन उठला. "नाही! मी बाप, आणि मी नाही म्हणतो!"

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "आपण कोण?"

"कोण म्हणजे? बाप! अख्ख्या गावाला विचारा!"

"गावाचं राहू द्या. या प्रकरणात तुमचं नाव कुठेही नाही."

झोल्दोश हसला. मागे वळून म्हणाला, "बाबा, सांगा जरा यांना."

सुयुनबाय गुडघ्यांवर हात टेकत उठले.

"सांगतो. बाईसाहेब, पोरीची नोंद झाली तेव्हा बापाच्या जागी नुसती रेघ मारली होती. रेघेची पोर म्हणून तिला कशी वाढवायची? म्हणून मी आणि माझी बायको याच कोर्टात आलो. बुरुलच्या संमतीनं तिला कायद्यानं आमची लेक करून घेतली. हिचा बाप मी." त्यांनी डोक्यावरची पांढरी टोपी नीट केली. "आणि माझी संमती आहे."

"बाबा, अहो, पण रक्त माझं..."

"खाली बस," म्हातारे म्हणाले. "बाप बोलतोय."