रिकामी प्लेट

"अगं, दगड दे, दगड! दगडसुद्धा पचवतो मी," वसंतराव खुर्ची पुढे ओढत म्हणाले. "सुकट, वजडी, मुंडी, सगळं खाऊन या वयापर्यंत आलोय. हे गोरे मला काय खायला घालणार?"

"हळू बोला," त्यांची बायको नीलिमा म्हणाली. "आणि प्लेटमध्ये काही टाकू नका म्हणजे मिळवली."

प्लेटवर सगळं अडलं होतं. आखाती शहरातल्या करामा भागात उघडलेल्या ह्या नव्या स्लोव्हाक रेस्टॉरंटच्या किचनची धूर बाहेर नेणारी डक्ट साफ ठेवायचं वर्षाचं काँट्रॅक्ट वसंतरावांना हवं होतं. मालक मिलान, पण शेवटचा शब्द त्याच्या आईचा. ती स्वयंपाक करायची, तिला इंग्लिशचं अक्षर येत नव्हतं, आणि माणूस ती त्याच्या जेवणावरून ओळखायची. गेल्या आठवड्यात शेजारच्या शहरातल्या रोल्लाची, हेच काम करणारी एक पार्टी येऊन गेली. त्यांनी अर्धी प्लेट बाजूला सारली, आई रडली, पार्टी खलास.

नीलिमाने मिलानला फोनवरच सांगून टाकलं होतं, आज माझा गुरुवार. तिच्यापुढे लोणी घातलेले उकडलेले बटाटे आले.

वसंतरावांपुढे खरवस आला. निदान त्यांना तसं वाटलं. पांढुरकी, लुसलुशीत, थरथरणारी वडी. त्यांनी खुशीत मोठा तुकडा तोंडात टाकला. तो थंडगार आणि खारट होता, आणि त्यात कातडीसारखं काहीतरी चिवट लागलं. पायाचं सूप फ्रीजमध्ये गोठवलं होतं, बाकी काही नाही. दाताखाली धरायला जावं तर निसटायचं, जिभेवर ठेवावं तर हलायचं. गिळलं, तर अर्ध्या वाटेवरून परत वर येऊन डोकावलं.

"कसंय?" नीलिमाने विचारलं.

"मस्त," वसंतराव नाक धरून म्हणाले.

उरलेलं त्यांनी न चावता, गोळ्या घ्याव्यात तसं पोटात ढकललं. प्लेट रिकामी झाली मात्र, आई भलंमोठं भांडं घेऊन हजर.

"नो?" तिने विचारलं.

"नो, नो, मम्मा! नो!"

आई लाजली. दोन वड्या वाढल्या.

त्या संपवल्या. आई पुन्हा आली. वसंतरावांनी दोन्ही हात प्लेटवर आडवे धरले. "नो! नो नो नो नो!"

आईने प्रेमाने त्यांचे हात बाजूला केले आणि चार वाढल्या.

"अहो, तुम्ही नकोच म्हणताय ना?"

"मग काय आरती म्हणतोय?"

त्यानंतर पांढऱ्या चिकट रश्शात बुडालेले बटाट्याचे गोळे आले. रस्सा मेंढीच्या चीजचा. वासाने शेजारच्या टेबलावरचं पोर "यक, डॅडी!" म्हणालं. पावसात भिजलेली घोंगडी कोणी आठवडाभर ट्रंकेत ठेवून दिली असती तर असा वास सुटला असता. सोबत ग्लासभर कोमट पाणी, त्यात पांढऱ्या कण्या तरंगत होत्या. तान्ह्या बाळाने खांद्यावर ओकलेल्या दुधाचा वास ज्याने घेतलाय, त्याला चव वेगळी सांगायला नको.

वसंतरावांनी डोळे मिटले, कुलदैवताचं नाव घेतलं, गोळे गिळले आणि वर ग्लास रिकामा केला. मग "नो" म्हणाले. ग्लास भरला. कळवळून "नो, प्लीज, नो" म्हणाले. आई आत जाऊन जगच घेऊन आली.

"दगड बरा होता का हो?" नीलिमा बटाटा फोडत म्हणाली.

पट्टा दोन भोकं सैल करून झाला तेव्हा मिलान कागद घेऊन आला. चेहरा फुललेला. "मिस्टर वसंत, आई फार खूश आहे. म्हणते, असा पाहुणा जन्मात बघितला नाही. काहीही विचारलं तरी हो म्हणतो!"

"मी? हो? हबीबी, मी सगळा वेळ नो म्हणतोय!"

"तेच ना. आमच्या भाषेत 'नो' म्हणजे 'हो की'."

नीलिमाला ठसका लागला. पाणी पिऊन तिनेच विचारलं, "मग बास कसं म्हणायचं?"

"दोस्त. लिहिताना जरा वेगळं, पण कानाला दोस्तच."

तेवढ्यात आई जग घेऊन आलीच. वसंतराव जिवाच्या आकांताने ओरडले, "दोस्त!" आईने रिकाम्या प्लेटकडे समाधानाने पाहिलं, मान डोलावली आणि जग परत नेला. वसंतरावांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मिलानने कागद टेबलावर पसरला. पेनाचं टोपण काढलं. "गोड खाऊ, मग सही करू. आईची खास डिश आहे. गावाकडे ती ह्याच्यासाठीच ओळखली जाते."

आईने दोन बश्या आणून ठेवल्या. त्यात वाफेवर उकडलेले पांढरेशुभ्र गोळे, आत आलुबुखारचा मुरांबा, वर खसखस, पिठीसाखर आणि वितळलेलं लोणी, अगदी तुपासारखं. मोदकाचा सख्खा चुलतभाऊ. नीलिमाने मैदा उपासाला चालत नाही म्हणून आपली बशीही नवऱ्याकडे सरकवली. आई पदराला हात पुसावा तशी ॲप्रनला हात पुसत, डोळे लावून उभी राहिली.

संध्याकाळभरात पहिल्यांदा वसंतरावांच्या तोंडाला पाणी सुटलं. दोन्ही बश्या माझ्या, काँट्रॅक्ट माझं! त्यांना राहवलं नाही. त्यांनी मिलानच्या पाठीवर सणसणीत थाप मारली.

"वा, दोस्त!"

आईचा चेहरा पडला. तिने न शिवलेल्या दोन्ही बश्या उचलल्या आणि डोळे पुसत आत गेली.

मिलानने पेनाला टोपण लावलं.