पाटावरची पदवी

कुंकू नेमकं पदवीच्या कागदावर, पोरीच्या, कयलविळीच्या नावावर बसलं होतं. शिवकामीने पदराच्या टोकाने ते टिपायला घेतलं, तर नाव लाल झालं. ओलं बोट लावून पाहिलं, तर ते पसरत पसरत विद्यापीठाच्या शिक्क्यात शिरलं.

काल आयुधपूजा झाली. कोइंबतूरच्या पीळमेडूत त्या दिवशी पान्यापासून सायकलीपर्यंत सगळ्याला चंदन-कुंकू लागतं, आणि पाटावर मांडलेल्या वस्तूला विजयादशमीची सकाळ होईपर्यंत कुणी हात लावत नाही. शिवकामी जळालेल्या मोटरींत नवी तार भरून देते. दुकानात हाताखाली माणूस नाही, झाडलोट एकटीची. त्या धांदलीत पक्कड, कात्री, लाकडी हातोडी, मीटर असं एकेकाला बोट लावत लावत तिने पोरीच्या इंजिनिअरिंगच्या पदवीलाही लावून टाकलं. घरातली सगळ्यात महागाची वस्तू ती, पाटावर पहिला मान तिचा. आणि सोमवारी चेन्नईला मुलाखत, तिथे अस्सल कागदच दाखवायचा होता.

चूक स्वतःचीच, पण ओरडायचं कुणावर? ती पोरीवर ओरडली. पिशवीत घालून ठेवायला काय झालं होतं, एवढी साधी अक्कल नाही का, म्हणे इंजिनिअर.

कयल आली. तिने कागद पाहिला, वाळायला फळीवर ठेवला आणि म्हणाली, "राहू दे, अम्मा."

शिवकामीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अगं रड, भांड, काहीतरी कर. बावीस वर्षं या बाकड्यावर बसून, डोळ्यांची वाट लावून पोरीला शिकवलं, आणि या बयेला त्याचं काही सोयरसुतकच नाही. दाराशी अन्नूरचे नाचिमुत्तू अण्णा स्टुलावर बसले होते. त्यांच्या विहिरीवरची मोटर चार दिवस इथे पडून होती आणि तिकडे पाण्यावाचून केळी सुकत होती. त्यांच्यादेखत तमाशा नको, म्हणून तिने आवाज खाली घेतला आणि सोमवारचं काय करायचं ते विचारलं.

कयल म्हणाली, काही करायचं नाही. दोन वर्षांत अकरा ठिकाणी जाऊन आले, पदवी कुणी हातात घेऊनसुद्धा पाहिली नाही. बोलता बोलता तिने पाटावरची पक्कड उचलली, डोळ्यांना लावली आणि अण्णांची मोटर पुढ्यात ओढली. विजयादशमीला घटकाभर का होईना, काम करायचं. त्या सकाळी जे हातात घेतलं, ते जन्माला पुरतं, असं तिथे सगळेच मानतात. शिवकामीने झटकन हात पुढे केला.

"ठेव ती पक्कड. पुस्तकं आहेत तिकडे तुझी, ती घे."

"वर्षभर तू माणूस शोधतेयस ना? बी.ई. झालेली चार पोरं आली, चौघांना परत पाठवलंस. पदवी काय चाटायचीय, हात चालणारा माणूस हवा, असं म्हणालीस."

"ते मी दुसऱ्यांच्या पोरांबद्दल म्हणाले."

नाचिमुत्तू अण्णा रस्त्याकडे बघायला लागले.  कयलने तांब्याच्या तारेचं वेटोळं सोडवलं आणि मोटरीच्या खाचेत पहिली तार घालायला घेतली.

शिवकामीने पाठ फिरवली. कर, काय हवं ते कर, मी बघायचीसुद्धा नाही, म्हणाली. पाटावरची सुकलेली फुलं गोळा करता करता तिचं तोंड चालूच होतं. गल्लीतल्या बायका काय म्हणतील, आईने शिकवली आणि आईनेच बाकड्यावर बसवली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगायचं कुणाला? एक दिवस बोटं सोलून निघू देत, दुसऱ्या दिवशी झक मारत चेन्नईची गाडी धरेल. आपण फक्त तोंड मिटून राहायचं. एकदा का शिकवायला बसलो, की संपलं.

बघत नव्हती, पण कान तर उघडे होते. दोन तारा गुपचूप आत गेल्या. तिसरी लोखंडाच्या कडेला घासत गेली. खर्र. म्हणजे तारेवरचं वार्निश खरवडलं. म्हणजे आठ दिवसांत मोटर पुन्हा जळणार, आणि अण्णांची उरलीसुरली केळीही जाणार. शिवकामीने दात आवळून धरले. एक अक्षर बोलायचं नाही.

चौथी तार गेली. खर्र.

तिने हातातली फुलं तशीच खाली टाकली, तरातरा आली आणि पोरीच्या मनगटावर एक चापट दिली.

"ओढतेस काय अशी? तार ओढायची नसते, बसवायची असते. चार वर्षं काय शिकवलं तुला त्या लोकांनी?"

कयल मनगट चोळत तिच्याकडे बघत राहिली. शिवकामीने चष्मा चढवला, साडी गुडघ्याशी खोचली आणि तिच्याशेजारी बैठक मारली.

"सरक तिकडे. आणि उकल ते सगळं. पहिल्यापासून."