राग उतरल्यावर बोल

मृण्मयी धाडकन मुख्याध्यापिकांच्या खोलीत घुसली. तिच्या मनगटावरचा पट्टा लालभडक झाला होता.

"मॅडम, दोन महिने खपून मी केलेलं पवनचक्कीचं मॉडेल प्रदर्शनात ओजसच्या नावावर कसं? त्याचे बाबा शाळेचे ट्रस्टी आहेत म्हणून?"

"आधी पट्टा हिरवा होऊ दे," कदम मॅडम म्हणाल्या. "लाल पट्ट्यावर तक्रार घेत नाहीत, माहितीये ना?"

पट्ट्याने बारीक टोचलं. रागावरचं औषध रक्तात उतरलं आणि मृण्मयीच्या आवळलेल्या मुठी सुटल्या. सोमवारी असंच झालं होतं, मंगळवारीही. राग गेला की तक्रारच फालतू वाटायची आणि ती मुकाट्याने वर्गात परतायची.

"हं, झाला हिरवा. बोल आता, काय तक्रार आहे?" मॅडम गोड हसल्या.

"काही नाही, मॅडम. जाऊ दे."

"जाऊ दे काय, बावळट!" दारात थांबलेली तिची मैत्रीण रुक्साना तरातरा आत आली आणि तिने मृण्मयीच्या हातात एक चिठ्ठी कोंबली. "सकाळी पट्टा टोचायच्या आत ही तक्रार तूच खरडलीस ना? वाच!"

मृण्मयीने वाचलं. अक्षर तिचंच होतं. पेन इतकं दाबलेलं, की कागद दोन ठिकाणी फाटला होता. तिच्या मनात काहीच हललं नाही. तरी तिने मान वर केली.

"मॅडम, मला आत्ता अजिबात राग येत नाहीये. पण सकाळी आला होता आणि तो बरोबर होता. घ्या लिहून."