जाळीवरचा फोटो

आंबा घाटात संग्रामच्या पिकअपचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तापायचा, म्हणून गेल्याच महिन्यात मी पुढच्या जाळीमागं जादा ऑइल कूलर बसवला. “ह्याला वारा लागला पायजे, जाळीवर कायबी बांधू नगंस,” बजावलंही होतं. आज पहाटे तो हार्ट अटॅकनं गेला. दुपारी अंत्ययात्रेला त्याचीच पिकअप सजवली. तालमीतल्या मित्रांनी जाळीवर त्याच्या हसऱ्या फोटोचा फ्लेक्स घट्ट बांधला. गाडी माणसाच्या पावलानं निघाली. थोड्याच वेळात जळक्या ऑइलचा वास आला. “फ्लेक्स जरा वर बांधूया,” मी म्हटलं. “पोराच्या फोटोला हात लावायचा न्हाय,” संग्रामचा चुलता खेकसला. तालमीसमोर गाडी थांबली. इंजिन चालू, चाकं हलेनात. संग्रामच्या आईनं बॉनेटवर हात ठेवला. “तालमीतनं पाय निघंना माझ्या लेकराचा. व्हय की न्हाय, मिस्त्री?” फ्लेक्सची दोरी कापायला काढलेला चाकू मी मुठीत मिटला. “व्हय, मावशी.”