हाकेच्या अंतरावर

"साहेब, काहीतरी उलटं झालंय," ती म्हणाली. "पत्र त्यांच्या सरकारचं आहे, पण लिहिलंय आपल्या भाषेत."

उपसचिवांनी दार लोटून घेतलं. "उलटं काही नाही. तुम्ही ते त्यांच्या भाषेत करा. तिकडे सही होईल, पत्र इकडे येईल. मग तुम्हीच ते परत आपल्या भाषेत करायचं."

पत्र चार ओळींचं होतं. आमच्या मदतीला सैन्य पाठवा, अशी विनंती.

सोळा वर्षांपूर्वी ती लग्न होऊन त्या देशातून इथे आली होती. तिकडची भाषा नीट येणारं दुसरं कोणी मंत्रालयाला सापडलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी तिकडे यादवी पेटली आणि तिला बोलावणं आलं. पहिलं काम साधं होतं. डॉक्टरांचं पथक निघालं होतं, त्यांच्यासाठी खिशात मावेल अशी वाक्यांची पुस्तिका. 'कुठे दुखतंय?' 'दीर्घ श्वास घ्या.' मग डॉक्टरांच्या राखणीला दोनशे जवान गेले. दुसरी आवृत्ती निघाली: 'इथून पुढे जायचं नाही.' मग जवानांच्या राखणीला तोफा गेल्या. तिसऱ्या आवृत्तीत 'हात वर करा' पहिल्या पानावर आलं आणि 'कुठे दुखतंय' जागेअभावी गळलं. दर वेळी मंत्री सांगत, बस, एवढंच. आता अकरा जवान मारले गेले होते. चाळीस हजारांचं सैन्य पाठवायचं घाटत होतं, आणि सभागृहात विरोधक एकच प्रश्न धरून बसले होते: तुम्हाला बोलावलंय कोणी?

"मसुदा फार कोरडा झालाय," उपसचिव म्हणाले. "आमच्याकडे सगळे नियमावल्या लिहिणारे. तुम्ही जरा जीव ओता त्यात. तुमचीच माणसं आहेत." मग त्यांनी खणातून एक फाइल काढून टेबलावर ठेवली. "तुमच्या भावाचा इकडे येण्याचा अर्ज. आठ महिने झाले ना? बघतो मी."

तिचा भाऊ दोन लहान मुलींना घेऊन वेढ्यातल्या शहरात एका तळघरात राहत होता. फोन लागला तर पोरींच्या खोकल्याशिवाय धड काही ऐकू येत नसे. ती खुर्चीत बसली. चार ओळी तिने दहा मिनिटांत केल्या. पाचवी तिची स्वतःची होती. ती लिहायला कष्ट पडलेच नाहीत. तळघरातून भाऊ बोलला असता, तर हेच बोलला असता: 'आमचं घर पेटलंय. तुम्ही शेजारी नसाल, पण हाक ऐकू जाईल एवढे जवळ आहात.'

उपसचिवांनी अर्थ विचारला, ऐकला. मग म्हणाले, "हे कोणाला सुचलं नसतं."

आठवड्याभरात पत्र सही होऊन परत आलं. ज्या दिवशी तिने आपलीच ओळ भाषांतर म्हणून लिहून दिली, त्याच दिवशी भावाच्या अर्जावर मंजुरीचा शिक्का बसला.

मंत्र्यांनी पत्र सभागृहात वाचलं तेव्हा घरी टीव्हीपुढे सासूबाई आणि धाकटा दीर बसले होते. दीर बसडेपोत मेकॅनिक होता. त्याआधी पाच वर्षं सैन्यात काढलेली, नाव अजून राखीव यादीत. दोन वर्षं जेवताना तो एकच सांगत आला होता, "दुसऱ्याच्या भांडणात नाक खुपसायचं नाही. आधी बोट मागतात, मग हात, मग आख्खा माणूस." त्या दिवशी पाचवी ओळ मंत्र्यांनी दोनदा वाचली. सभागृह उभं राहिलं. सासूबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. दीर टीव्ही बंद करून गच्चीत निघून गेला.

सोमवारी दीर सैन्यात परत रुजू होण्याचा अर्ज घेऊनच घरी आला. खाली सही झालेली होती. त्याची तुकडी गुरुवारी निघणार होती.

"तू सांग त्याला," सासूबाई तिला म्हणाल्या. "माझं कधी ऐकलंय त्याने? तुझा शब्द खाली पडू देत नाही."

ते खरं होतं. ती या घरात आली तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. तिला इथली बाराखडी त्यानेच शिकवली होती. ती चुकली की पोट धरून हसायचा आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणून घ्यायचा.

स्वयंपाकघरात तो बुटांना पॉलिश करत होता. तिने खिडकी लावून घेतली. गुप्ततेच्या कागदावर तिने सही केली होती. तोंडातून शब्द गेला तर दहा वर्षं तुरुंग. भावाचा शिक्का पुसायला तर एक फोन पुरला असता.

"भाऊजी, ते पत्र तिकडून आलंच नाही," ती म्हणाली. "इथे लिहिलं गेलं. शेवटची ओळ माझी आहे. तुम्हाला कोणी हाक मारलेली नाही."

मग तिने सगळं सांगितलं. मसुदा, खणातली फाइल, दहा मिनिटं, शिक्का. बोलता बोलता तिची जीभ अडखळत होती. त्याने हातातला ब्रश खाली ठेवला. क्षणभर तिला वाटलं, आता हा उठेल आणि तो अर्ज फाडेल.

तो हसला. लहानपणी हसायचा तसाच.

"मला अडवायला एवढं रचलंत?"

"रचलेलं नाही. आईच्या गळ्याची शपथ, खरं सांगतेय."

"राहू द्या, वहिनी," त्याने दुसरा बूट उचलला. "सोळा वर्षं बघतोय तुम्हाला. खोटं तुम्हाला कधी जमलंच नाही."