कोलकात्याची मावळती

नोकरीसाठी कोलकात्याला गेलेल्या प्राचीकडं तिचे सांगलीतले आईवडील पहिल्यांदाच निघाले होते. धनपाल अण्णांनी पुण्याहून डिसेंबरातली दोन तिकिटं काढली, गुणमालानं भडंगाचा डबा भरला. दिवस मावळायच्या आत जेवायचं, हा त्यांच्या जैन घरातला नेम. कोलकात्यात डिसेंबरात पाचलाच दिवस मावळतो, हे कळल्यावर गुणमाला महिनाभर आधीपासून सांगलीत साडेचारला जेवायला बसू लागली.

"अगं, आपल्याकडं अजून दीड तास ऊन हाय," अण्णा म्हणायचे.

"सवय नको व्हय? तिथं माझ्यापायी पोरीची धांदल कशाला?"

निघायला चार दिवस राहिले असताना प्राचीचा फोन आला. "आई, सुट्टी मिळत नाहीये. तुम्ही उन्हाळ्यात या ना."

अण्णांनी तिकिटं रद्द केली.

दुसऱ्या दिवशी साडेचारला गुणमालानं परत आपलं ताट वाढून घेतलं.

"आता कशाला गं? जायचं तर ऱ्हायलं."

"आवं, तिथं दिवस मावळाय आला आसंल," ती म्हणाली. "पोरगी एकटीच जेवत आसंल. तिला तेवढीच सोबत."

प्राची ऑफिसातून आठला सुटते आणि मग बाहेरच काहीतरी खाते, हे तिनं फक्त अण्णांना सांगितलं होतं.  अण्णांनी स्वतःचं ताट वाढून घेतलं आणि ते गुणमालाशेजारी जेवायला बसले.