मास्तरांचा डावा कल्ला

“छान!” आरशात बघून मास्तर म्हणाले, टोपी घालून निघून गेले, आणि सलूनवाले आप्पा धसकून रिकाम्या खुर्चीत बसले.

वीस वर्षांत मास्तरांनी एकाही कटिंगला बरं म्हटलं नव्हतं. खुर्चीतून उठण्याआधी तक्रार ठरलेली. आणि आज एक कल्ला कानाच्या वर, दुसरा जबड्यापाशी असताना म्हणे छान!

लस घेऊन अडीच महिने झाले होते. सगळ्या गल्लीने घेतली. बाकीच्यांचा दंड दोन दिवस दुखला, आप्पांचा हात मात्र थरथरायचा थांबेना. दुपारी तर कंगवाही जड व्हायचा. डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या केल्या. “क्वचित कुणाला होतं असं. मनाचे खेळ नाहीत हे. हळूहळू उतरेल, पण घाई नको. दिवसाला एकच डोकं.”

पहिलं डोकं त्यांनी स्वतःच्या नवऱ्याचं पाठवलं.

आप्पांच्या बायकोने वस्तरा कुलपात टाकला आणि दुसरं डोकं आत शिरू नये म्हणून ती शिवणकाम घेऊन दारातच बसू लागली. गल्लीने नंबर लावले. पोस्टमन आला, शिंपी आला, बेकरीवाला तर दोनदा आला. सगळे “एक नंबर!” म्हणत आणि पायरी उतरायच्या आत डोकं झाकत. शेजारच्या दुकानातल्या टोप्या संपल्या.

“लोकांचं सोड,” आप्पा म्हणाले. “पण मास्तरसुद्धा छान म्हणाले. संपलं गं माझं. सलून विकून टाकू.”

“त्यांचे केस वाढेपर्यंत तरी थांबा,” सुईत दोरा ओवत बायको म्हणाली.

पाच आठवड्यांनी मास्तर पुन्हा खुर्चीत बसले. आप्पांनी सावकाश कात्री चालवली. मध्ये दोनदा बसून घेतलं. शेवटी मास्तरांनी मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. चष्मा लावला. काढला. पुन्हा लावला.

“डावा कल्ला लांब राहिलाय. हात आहे की खुरपं?”

आप्पांचा चेहरा खर्रकन उतरला. बायको तरातरा उठली. मापाची टेप तिने मास्तरांच्या एका गालाला लावली, मग दुसऱ्याला. मग पुन्हा पहिल्याला.

“अहो मास्तर, दोन्ही अगदी सारखे आहेत!”

“वीस वर्षं सारखेच असायचे,” मास्तर अंगावरचे केस झटकत म्हणाले. “मध्ये एकदाच चुकले. तेव्हा बोललो का मी काही?”